आठाची जुडी, दहाची जुडी

मोजणी सगळ्यांची सारखीच असते, असं ठणकावून सांगणाऱ्यांनी आधी आपली बोटं पाहावीत.

एका रानात माकडं हातांच्या दहा बोटांवर मोजत आणि दहा काड्यांची जुडी बांधत. कावळे पायांच्या आठ बोटांवर मोजत, म्हणून त्यांची जुडी आठाची. एका कोरड्या उन्हाळ्यात करार झाला. कावळीने दोन जुड्या दिवस बिबट्यावर नजर ठेवायची आणि माकडांनी तिला दोन जुड्या उंबरं द्यायची.

सोळा दिवसांनी कावळी उंबरं मागायला गेली. माकडांचा म्होरक्या हसला. "अजून चार दिवस आहेत, बाई. आमची जुडी दहाची."

घरट्यात पिल्लं उपाशी होती. तरी तिने तेही दिवस काढले. मग म्होरक्याने तिच्यापुढे सोळा उंबरं टाकली.

"चार कमी आहेत, दादा."

"कमी कशी? तुझ्याच जुडीने मोजली. तुमचा मान राखला!"

कावळीने दिवस मोजायला बांधलेल्या आपल्या आठाच्या दोन्ही जुड्या सोडल्या आणि त्याच काड्यांची दहाची जुडी बांधली. सहा काड्या सुट्या उरल्या. "बघा, तुमच्या मोजणीत ही एकच जुडी आणि वर सहा."

"हिशेब कच्चा आहे तुझा," म्होरक्या जांभई देत म्हणाला.

त्याला कळलं नसेल असं वाटून ती पुन्हा पहिल्यापासून समजावू लागली.

फांदीवरची खार हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "अगं, त्याला कळतंय. कळत नसतं, तर एखाद्या वेळी तरी तो तुझ्या फायद्याच्या बाजूने चुकला असता."