विद्युल्लतेची लिंबं

"गाडी चालवून बघा, नापसंत पडली तर ठेव परत! पावतीच्या मागं छापलंय, हौसाक्का. वाचून घ्या!"

"वाचलं की. पन दादासाहेब, चालवायला गाडी हाय कुठं?"

"गाडी अजून यायचीय!"

"म्हंजे गाडी येत न्हाई तवर चालवायची न्हाई, आन चालवल्याबिगर पैसं मिळायचं न्हाईत?"

"आता कसं बरोबर समजलं!" दादासाहेब रणनवरे खूश होऊन म्हणाले आणि गिऱ्हाइकांकडे वळले.

हौसाक्काच्या डोक्यात सणक गेली. रणनवरे मोटर्सच्या फाटकाशी ती बावीस वर्षं बसत होती. पुढ्यात लिंबं, नारळ, झेंडूचे हार. या शोरूममधली कुठलीही नवी गाडी बाहेर पडायची ती हौसाक्काची चार लिंबं चाकांखाली फोडूनच. मग संक्रांतीला तिनंही हौस केली. लेकीनं, वैजयंतानं, गाडीचं लायसन काढलं होतं, शाळेची पोरं ने-आण करायचं ठरवलं होतं. हौसाक्कानं एकवीस हजार ठेव भरून विजेवर चालणारी 'विद्युल्लता' गाडी सांगून ठेवली. विद्युल्लता पाडव्याला येणार होती. मग अक्षय तृतीयेला, मग गणपतीत. गणपती आले, जेवले, गेलेसुद्धा. विद्युल्लतेचा आरसादेखील कुणी पाहिला नाही.

आता शाळेनं आठ पोरं द्यायचं कबूल केलं होतं, सोमवारपासून. एका मास्तरांची जुनी व्हॅनही ठरली होती. पण मास्तर आज संध्याकाळपर्यंतच थांबणार होते. तोवर विसार दिला नाही, तर व्हॅनही गेली आणि पोरंही गेली. वैजयंता सकाळपासून दर तासाला फोन करत होती.

शोरूमच्या मधोमध एक गोल चौथरा होता. दिव्यांच्या झगमगाटात तो संथ फिरायचा आणि त्यावर काहीही नसायचं. दादासाहेब तो दिवसातून दोनदा पुसून घ्यायचे. कुणी पाय ठेवला तर वॉचमन ओरडायचा, "ओ, गाडीला धक्का लागंल!" पैसे भरणाऱ्याच्या हातात पुठ्ठ्याची हातभर किल्ली देऊन त्या चौथऱ्यापाशी फोटो काढायचे. हौसाक्काचाही काढला होता. त्यात ती रिकाम्या जागेकडे बघून लाजत होती. एकवीस हजारांपेक्षा तिला तो फोटोच जास्त झोंबायचा.

आज दसऱ्याचा आदला दिवस. पैसे भरायला तीसेक माणसं जमलेली. दादासाहेबांना चेव चढला.

"मंडळी, गाडी आली नाही असं म्हणूच नका! समजा, ती इथं उभी आहे! आवाज नाही, धूर नाही, वास नाही! आहे का नाही तेसुद्धा कळत नाही, इतकी शांत! कुणीही यावं, चारचौघांत तिच्यात एक दोष दाखवावा. ठेव परत, आणि वर मागेल ते देईन!"

"कुनी बी?" मागून हौसाक्का म्हणाली.

"कुणीही! अगदी तुम्हीसुद्धा!"

हौसाक्का बाहेर गेली आणि टोपली घेऊन आली. पदर खोचून तिनं वॉचमनला सांगितलं, "त्यो चौथरा थांबीव, बाबा. उभ्या गाडीचीच पूजा करत्यात." मग दादासाहेबांना विचारलं, "गाडीचं तोंड कुनीकडं?"

"दाराकडं!"

"मग फुडलं चाक हितं?"

"वीतभर अलीकडं घ्या," दादासाहेब तोऱ्यात म्हणाले. लोक हसत होते, त्यांना आणखी रंग चढत होता.

हौसाक्कानं चार लिंबं चार जागी ठेवली. हवेला कुंकू लावलं, हवेला हार घातला. हार बदकन खाली पडला, तो तिनं तसाच राहू दिला. नारळ फोडून ती म्हणाली, "बसा दादासाहेब. चालवा. तुमच्या हातानं म्हूर्त हुं द्या!"

दादासाहेबांनी ऐटीत स्टूल मागवलं, त्यावर बसले, हात गोल फिरवले. "झाली चालू!"

"आवाज न्हाई आला."

"येणारच नाही! विजेची आहे!"

"झ्याक. आता फुडं घ्या!"

"घेतली! सुसाट निघाली!"

हौसाक्का वाकली. एकेक लिंबू उचलून तिनं लोकांना दाखवलं. चारही लिंबं गोल गरगरीत!

"बावीस वर्सं बघतीया मी," ती कडाडली. "स्कूटरखाली लिंबू फुटतंय, भाजीच्या हातगाडीखाली फुटतंय. आवो, पोरगं तीनचाकी सायकल घिऊन गेलं तरी फुटतंय! आन ही सुसाट गेली तरी लिंबाला वरखडा न्हाई! असली मरतुकडी गाडी माझ्या लेकीला नगं. बघितली, तुमच्याच हातानं चालवली, नापसंत! काढा ठेव!"

तीसही माणसं पोट धरून हसू लागली. दादासाहेबांनी तोंड उघडलं. "अहो, पण लिंबं फुटायला इथं गाडी..."

"बोला की! गाडी न्हाईच म्हनताय? मग ही मानसं पैसं कशाचं भरत्यात?"

हसू थांबलं. सगळ्यांच्या माना दादासाहेबांकडे वळल्या. दोघांनी पाकिटं खिशात घातली.

दादासाहेब स्टुलावर तसेच बसले होते, दोन्ही हात स्टेअरिंगवर. त्यांनी हातांकडे पाहिलं, पायाशी पडलेल्या हाराकडे पाहिलं आणि त्यांना असं हसू फुटलं की स्टूल कलंडलं! "हौसाक्का, उतरवलंत मला गाडीतून!" डोळे पुसत त्यांनी एकवीस हजार मोजून दिले. ज्याला आपली ठेव हवी त्यानं आजच न्यावी, असंही सगळ्यांसमोर सांगितलं. "आता वर काय मागता? बोला!"

हौसाक्कानं पैसे कनवटीला लावले, व्हॅन पक्की कर म्हणून वैजयंताला फोन केला आणि चौथऱ्याकडे बोट दाखवलं.

"तुमची गाडी येईस्तवर ही जागा मला द्या. फाटकाशी लई ऊन लागतंय. आन दिवं ऱ्हाऊ द्यात, चौथराबी फिरू द्या. माझी लिंबं चारी बाजूंनी दिसू द्यात लोकांस्नी!"