बिब्ब्याचा डाग आणि पंधरा दिवसांचा वायदा

गावाला नदी होती, नदीला घाट होता आणि घाटावर तात्याबा परीट राहायचे. त्यांच्या हाताखाली शिकून मोठा झालेला नवनाथ, आणि नवनाथची बायको सिंधू. या तिघांची ही गोष्ट.

“बाबा, एक माणूस पंधरा दिवसांत वाढवून देतो म्हणतो. देऊ का आठ हजार?” नवनाथनं विचारलं. तात्याबांना तो बाबाच म्हणायचा.

तात्याबा धुण्याचं गाठोडं सोडून कपडे निवडत होते. मान वर केली नाही.

“काय वाढवून देतो?”

“सिबिल. म्हणजे बँकेत आपली पत किती, त्याचा आकडा असतो. माझा खाली गेलाय. म्हणून धुण्याच्या मशीनला कर्ज मिळेना.”

मशीन कशाला हवं, ते बाबांना सांगावं लागत नव्हतं. धुण्याच्या सोड्यानं सिंधूचे हात खाल्ले होते. भाकरी थापताना पिठात रक्त उतरायचं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, हात पाण्याबाहेर ठेवा, नाहीतर या भेगा भरायच्या नाहीत.

आणि नवनाथचा तोरा असा, की चौकात दुकान घेतल्यापासून त्यानं घाटाच्या दगडाला पाय लावला नव्हता; धुणं सगळं सिंधूवर पडलं होतं. पाटीवर ‘स्टीम लाँड्री’ लिहिलं होतं.

सिंधू म्हणायची, “स्टीम कुठली हो? माझे उसासे तेवढे.”

“कोण हा माणूस?” बाबांनी विचारलं.

“फोनवर भेटला. लई हुशार आहे. चुकलेले हप्ते, जुनी थकबाकी, सगळं पुसतो.”

“सगळं?”

“सगळं. फक्त पैसे आधी द्यायचे. मोबाईलवर नंबर येईल तो त्याला सांगायचा. आणि बँकेत काही विचारायचं नाही.”

बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. कोपऱ्यात काळी खूण होती. कुणाचं कापड कुणाचं, ते कळावं म्हणून परीट बिब्ब्याच्या रसानं खूण घालतो. ती धुण्यानं निघत नाही.

“हा डाग काढ. आत्ता.”

नवनाथ हसला. “आत्ताच काढतो.”

दुकानातून त्यानं जालीम औषधाची बाटली आणली आणि कोपऱ्यावर ओतली. फेस आला. धूर आला. नवनाथनं काडीनं कोपरा उचलला…

“गेला का डाग?”

“गेला.”

“मग दे इकडं.”

“बाबा… कापडच गेलं.”

बाबांनी भोक पडलेलं उपरणं झटकलं आणि होतं तसं खांद्यावर टाकलं. पुन्हा कपडे निवडायला बसले.

एक चादर हाताला लागली तसे थांबले.

“पोरा, गाठोडं देशमुखांचं. ही कुणाची?”

नवनाथनं खूण पाहिली. “ही शाळेतल्या बाईंची. चुकून आलीय.”

“यातनं काढायला किती घेशील?”

“घेईन कशाला? ज्याचं त्याला द्यायचं. त्याचे पैसे कसले?”

“तुझं गाठोडं सोडून पाहिलंस कधी?”

नवनाथनं आकडा तेवढा पाहिला होता. आकड्याखाली काय काय लिहिलंय, ते वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचा सिबिलचा अहवाल काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, हेही त्याला तेव्हाच कळलं. आत दोन गोष्टी निघाल्या. एक मोटारसायकलचं कर्ज, दुसऱ्या जिल्ह्यातल्या, याच नावाच्या कुणाचं तरी. सिंधू पोट धरून हसली. “मोटारसायकल? यांना सायकल धड येत नाही!”

दुसरी गोष्ट पाहिल्यावर ती हसली नाही. नवनाथनं हप्त्यावर भारी मोबाईल घेतला होता आणि पाच हप्ते चुकवले होते. ते त्याचेच होते.

तेवढ्यात फोन वाजला. तोच माणूस. “आज शेवटचा दिवस, साहेब. उद्यापासून दर वाढणार.”

सिंधूनं फोन हातातून घेतला. “दादा, आठ काय, दहा देते. पण काम झाल्यावर. चालेल?”

पलीकडून फोन बंद झाला.

नवनाथनं मोटारसायकलबद्दल तक्रार लिहिली, ओळखीचे कागद जोडले, बँकेतही जाऊन सांगितलं. महिन्याभरात ते कर्ज त्याच्या नावावरून निघालं. एक पैसा लागला नाही.

मग तो बाबांकडे आला. या वेळी जरा खाली मान घालून.

“दुसऱ्याचं परत गेलं, बाबा. पण पाच हप्ते माझेच आहेत. ते कसे पुसू?”

बाबांनी आतून एक जुनं धोतर आणून उलगडलं. कोपऱ्यात खूण होती, पण उन्हाळी ढगासारखी, निरखून बघावी तेव्हाच दिसावी.

“ही इतकी फिकी कशी झाली? किती धुणी झाली?”

“मोजली नाहीत,” बाबा म्हणाले. “चुकवलं मात्र एकही नाही.”

नवनाथ उठला, बाह्या सरसावल्या आणि सिंधूच्या हातातली बालदी घेऊन पाण्यात उतरला.

त्या दिवसापासून सिंधू इस्त्रीला आणि नवनाथ दगडाला. चौकातली माणसं म्हणायची, “काय नवनाथशेठ, स्टीम संपली का?” तो हसायचा आणि कपडा आपटायचा. थकलेले हप्ते आधी फेडले. पुढचा प्रत्येक हप्ता तारखेच्या आदल्या दिवशी भरला. आकडा मुंगीच्या पावलानं चढला. कधी महिनाभर हललाच नाही. तेव्हा सिंधू म्हणायची, “खाली तर नाही ना आला? मग जेवा.”

दीड वर्षानं बँकेनं कर्ज मंजूर केलं.

मशीन आलं. सिंधूनं हळदकुंकू लावलं, आणि लावताना बोटांवर एकही भेग नव्हती. नारळ फुटला. पेढे वाटले. पहिलं धुणं गरगर फिरून, पिळून बाहेर आलं.

नवनाथचा आनंद पोटात मावेना. “बघा बाबा! दिवसाचं काम एका तासात! आता कशासाठी थांबायला नको!”

तात्याबांनी ओला सदरा हातात घेतला, झटकला आणि दोरीकडे निघाले.

“वाळायला ऊन लागेलच की रे.”