स्क्रूच्या अंगावरचा लेप

सारजाच्या घोट्यात घडलेली ही गोष्ट आता सारजालाही आठवत नाही, इतकी जुनी आहे. जांभळीवरून पडून तिचं हाड मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी ते मॅग्नेशियमच्या छोट्या स्क्रूने जोडलं. हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं आणि मग विरघळून जायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या अंगावर हाडातल्यासारख्याच क्षारांचा पातळ लेप होता.

आत शिरताच स्क्रूला हाडाचं कण्हणं ऐकू आलं. त्याचा जीव कळवळला. "बाजूला हो," तो लेपाला म्हणाला. "मला आत्ताच विरघळू दे. माझं सगळं याला देऊन टाकतो."

"आणि उद्या याला धरणार कोण?" लेप म्हणाला. "घाई केलीस तर तुझे नुसते वायूचे बुडबुडे होतील आणि हाड पुन्हा सुटेल."

"अरे, ते रडतंय!"

"रडू दे. तू धरून राहा."

स्क्रू रुसला, पण त्याने हाड सोडलं नाही. लेप मात्र रोज थोडा थोडा झिजत होता, आणि तो झिजेल तिथे कोवळं हाड येऊन बिलगत होतं. एके दिवशी स्क्रूने लेपाला हाक मारली, तर उत्तर आलं नाही. मला थांबवून हा आधी स्वतः गेला, हे तेव्हा त्याला कळलं.

"आता मी जाऊ?" त्याने हाडाला विचारलं.

"जा, पण सावकाश," हाड म्हणालं.

पुढे डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, तेव्हा सारजाची आई घाबरली. "अगं बाई, स्क्रू गेला कुठे?"

सारजा बाहेर दवाखान्याच्या अंगणात लंगडी खेळत होती. त्याच पायावर.