रुमालाखालचा हात

एकदा एक बाजाराचा दिवस असा उजाडला, की पहाटेच्या धुक्यात बैलांची शिंगं तेवढी दिसावीत आणि बैल दिसू नयेत. माघाची थंडी होती. जनावरांच्या नाकातून वाफ, माणसांच्या तोंडातून वाफ, चहाच्या किटलीतून वाफ; कुठली कुणाची ते ओळखू येत नव्हतं. मग सूर्य थोडा वर आला, वाऱ्यानं धुकं एका अंगाला सारलं, आणि माळावरचा सगळा बाजार एकदम डोळ्यांपुढे उभा राहिला. झुली, घुंगरं, लाल हुरमुंजीनं रंगवलेली शिंगं, हाकारे, आरोळ्या! वर्षातला सर्वांत मोठा बाजार, यात्रेचा.

त्या गलबल्यात म्हाळूच्या छातीत नगारा वाजत होता. वाजणारच. आज त्याच्या खांद्यावर आप्पांचा रुमाल पडायचा होता.

आप्पा हे त्या बाजारातले सर्वांत जुने मध्यस्थ, आणि म्हाळू त्यांचा शिष्य. तिथली रीत अशी, की जनावराची किंमत तोंडानं बोलायची नाही. मध्यस्थानं रुमाल पसरायचा, त्याखाली विकणाऱ्याचा हात धरायचा, आणि बोटं धरून, पेरं दाबून किंमत सांगायची. पटली नाही तर विकणाऱ्यानं मध्यस्थाची बोटं दाबून उलट किंमत सांगायची. तोंडानं मात्र हवापाण्याचं बोलत राहायचं. घेणारा दूर कुठंतरी बसलेला. तो कोण, हे सौदा जुळेपर्यंत विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा त्यातला धर्म. ‘रुमालाखाली नाव नसतं,’ असं आप्पा सांगत. थोर असो की लहान, रुमालाखाली नुसती किंमत.

आप्पा आता थकले होते. “यात्रेच्या बाजारात रुमाल तुला देईन,” असा शब्द त्यांनी म्हाळूला दिला होता. आणि म्हाळूला वाटत होतं, की आपण त्या रुमालाला पुरेपूर लायक झालो आहोत. का वाटू नये? दसऱ्यापासून त्याच्या हाताला नुसतं यश होतं. नागोजीशेठ म्हणजे त्या बाजारातले मोठे व्यापारी. त्यांची खरेदी हल्ली म्हाळूच करून देई. आणि काय करून देई! दुसऱ्याला जिथं दुपार व्हायची, तिथं म्हाळूचा सौदा चहा निवायच्या आत जुळायचा. विकणारा एकदा हात हाती देई, जरा थबके, आणि मान हलवून मोकळा होई. दसऱ्याला पहिल्याच खरेदीवर खूश होऊन शेठनी त्याला आपल्या माणसांच्या बोटांत असते तशी, नंदीचा उठावदार ठसा असलेली चांदीची अंगठी दिली होती. ती मिरवत म्हाळू बाजारातून असा चाले, की बैलांनीही वाट द्यावी.

एकच गोष्ट त्याला खुपत होती. त्याचा शेजारी केरबा त्याच्याशी बोलेनासा झाला होता. मागच्या एका बाजारात केरबाच्या घरचा पाडा म्हाळूनंच शेठना घेऊन दिला होता. तेव्हापासून दोन्ही घरांमधल्या भिंतीवरून होणारी विरजणाच्या वाटीची ये-जा थांबली. ‘जळतोय,’ असं म्हाळूनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

तर त्या सकाळी म्हाळू आप्पांपुढं वाकला आणि खांदा जरा पुढं करूनच उभा राहिला. आप्पांनी रुमाल काढलाच नाही. ते म्हणाले, “हात दाखव.”

म्हाळूनं हात पुढं केला. आप्पांनी कनवटीतून एक चिंधी काढली, तिला हळद-चुना लावला आणि अंगठीच्या बोटाला वेढ्यावर वेढा देत बांधायला लागले.

“आप्पा, मला काही लागलं नाही.”

“लागलंय. तुला कळत नाही, एवढंच.”

“निदान अंगठी तरी काढू द्या.”

“असू दे आत. थंडी आहे, तिलाही ऊब लागेल.” आप्पांनी गाठ मारली. “दुपारपर्यंत सोडायची नाही. जा, बाजार कर.”

म्हातारपणी माणूस विचित्र होतो, असं म्हणत म्हाळू बाजारात घुसला.

आणि काय सांगावं! पहिलाच सौदा एका बोरमाळेवाल्या आजीच्या गाईचा. आपल्या रोजच्या रुमालाखाली म्हाळूनं शेठची किंमत सांगितली. आजीनं त्याची बोटं अशी करकचून दाबली, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बोटाला काय झालं रं?” आजीनं विचारलं.

“काही नाही आजी, जरा लागलंय.”

“बोटाला कशाला बांधलंस मग? डोक्याला बांधायचं होतंस!”

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. म्हाळूनं किंमत चढवली. आजीनं हात झटकला आणि गाईच्या पाठीवरून फिरवत बसली. पुढचा एक मिशाळ खिल्लारवाला. त्यानं किंमत बोटावर घेतली, रुमालाखालून हात काढला आणि सरळ बैलांना वैरण टाकायला लागला. तिसऱ्यानं तर म्हाळूला सरळ विचारलं, “पावणं, पहिल्यांदाच आलाय जणू बाजारला?”

पहिल्यांदाच! म्हाळूच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इकडून तिकडं, शेठकडून विकणाऱ्याकडं, धावून धावून तो घामाघूम झाला. दुपार झाली तरी एकाही जनावराचं दावं त्याच्या हाताला लागलं नाही. शेवटी शेठचा माणूस येऊन म्हणाला, “शेठ विचारतात, म्हाळूला आज झालंय काय?”

मग मात्र तो तडक बाभळीखाली आला. आप्पा तिथं भाकरीचं फडकं सोडून बसले होते.

“ही चिंधी पनवती आहे, आप्पा! सगळा दिवस घालवला हिनं!”

“बस आधी. पाणी पी.” आप्पांनी भाकरीचा चतकोर त्याच्यापुढं केला. “आता मला सांग. शेठ तेच?”

“तेच.”

“किंमत सांगायची तुझी रीत तीच? तूही तोच?”

“तोच की.”

“मग या चिंधीनं झाकलं काय?”

म्हाळू तावातावानं बोलायला गेला आणि घास तसाच हातात राहिला. त्यानं आपल्या बोटाकडं पाहिलं. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

“आप्पा,” तो म्हणाला, “देवाशपथ, मी शेठचं नाव कधी घेतलं नाही. एकदाही नाही!”

“तू नाही घेतलंस. बोटानं घेतलं.”

“पण शेठनी कुणाला कधी दम दिलाय?”

“नाही दिला. वाईट माणूसही नाही तो. पण पाण्याचा हौद त्याच्या जागेत, वैरणीचं दुकान त्याचं, जनावरं न्यायच्या गाड्या त्याच्या. त्यानं ज्या बैलाकडून मान फिरवली, त्याच्याकडं मग दुसराही बघत नाही. असं असताना तो नंदी रुमालाखाली बोटाला टोचला, की समोरच्याच्या हातातला जीव जातो, म्हाळू. त्याला कुणी भीती घालत नाही. तो आपली आपणच घालून घेतो, आणि वर हसून मान हलवतो. ज्याच्या हाती सत्ता असते, त्याला ती मान तेवढी दिसते. त्याला वाटतं, सगळे राजीखुशी आहेत.”

म्हाळूनं मान खाली घातली. आप्पा तितक्याच सावकाशीनं पुढं बोलले, “आणि तुझं सांगू? पूर्वी तू पेर धरायचास. अलीकडं पेर पिळायला लागलायस. दुसऱ्याचं वजन अंगावर चढलं, की माणसाला ते आपलंच बळ वाटतं. गोड लागतं ते. म्हणून तर ते उतरवणं अवघड.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“केरबानं पाडा दिला, त्या दिवशी. तू गेल्यावर मी त्याचा हात हातात घेतला, सहज. गार होता. रुमाल उचलून किती वेळ झाला होता, तरी गारच.”

म्हाळूनं हातातला घास खाली ठेवला. दूर कुठंतरी बैल हंबरत होते. त्या पाड्याची किंमत ऐकून केरबानं आपल्याकडं एकदा डोळे वर करून पाहिलं होतं, हे त्याला आता आठवलं. तेव्हा ते त्याला संमतीसारखं दिसलं होतं.

त्यानं चिंधी सोडली. अंगठी निघेना, बोटात रुतून बसली होती. आप्पांनी भाकरीवरचं तेल पुढं केलं. तेल लावून, पिळून पिळून ती एकदाची सुटली. बोटावर पांढरा वळ राहिला.

“आज केरबानं खिल्लार जोडी आणलीय,” आप्पा म्हणाले, “आणि शेठचा डोळा तिच्यावर आहे.”

म्हाळू उठला तो थेट शेठच्या राहुटीवर गेला. नागोजीशेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते, भोवती माणसं. म्हाळूनं अंगठी त्यांच्यापुढं ठेवली. उद्यापासून शेठचं काम गेलं तर आपल्याला कोण विचारणार, हे काय त्याला कळत नव्हतं?

“का रे?” शेठ हसले. “टोचते का?”

“मला नाही शेठ. समोरच्याला टोचते.”

शेठच्या माणसांनी हळूच आपापल्या बोटांकडं पाहिलं. एकानं हात पाठीमागं घेतला. शेठनी अंगठी उचलली, ठशावरून अंगठा फिरवला, आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

“मग केरबाची जोडी आणणार की नाही?”

“किंमत आणतो, शेठ. जोडी यायची की नाही, ते केरबातात्या ठरवतील.”

“आण!” शेठ लोड सोडून ताठ बसले. “बघू तरी.”

म्हाळू बाहेर आला, तर आप्पा वाटेत उभे. त्यांनी आपल्या खांद्यावरचा विटका, चौकड्यांचा रुमाल काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

केरबा आपल्या बैलांपुढं उकिडवा बसला होता. म्हाळूला पाहून त्यानं तोंड फिरवलं. रुमाल पसरला तेव्हा रीत म्हणून त्यानं हात दिला, पण कसा, तर एखादी वस्तू परत करावी तसा. म्हाळूनं किंमत सांगितली. केरबाच्या बोटांनी सवयीनं त्या जागी नंदी शोधला. तिथं तेलकट, मऊ वळ होता. बोटं थांबली. पुन्हा एकदा चाचपून गेली.

आणि मग त्या हातात जीव आला!

असं कडकडून पेर दाबलं केरबानं, की म्हाळूला ओरडावंसं वाटलं, आणि हसावंसंही वाटलं. “थंडी लई पडलीय,” केरबा तोंडानं म्हणाला. “पडलीय तात्या,” म्हाळू म्हणाला, आणि पळत सुटला. शेठनी किंमत ऐकून मांडीवर थाप मारली, थोडं चढवलं. म्हाळू परत आला. केरबानं मान हलवली नाही. पुन्हा राहुटी, पुन्हा रुमाल! बघणाऱ्यांची गर्दी जमली. ती बोरमाळेवाली आजीही गाय घेऊन येऊन उभी राहिली. “दमलास व्हय रं?” ती ओरडली. “पळ, पळ!” शेवटी शेठ स्वतःच राहुटीबाहेर येऊन बघणाऱ्यांच्या मागं उभे राहिले, लहान मुलासारखे टाचा उंचावून. मनासारखा भाव करायला मिळून त्यांना किती वर्षं झाली होती, कोण जाणे. शेवटचं पेर जुळलं, तेव्हा शेठच मोठ्यानं म्हणाले, “घेतली! वाजवून घेतली!”

माळावर एकच कल्ला झाला. गुलाल उडाला. म्हाळू रुमालाची घडी घालायला लागला, तर केरबानं अजून त्याचा हात सोडलेला नव्हता. उन्हं कलली होती, पण हात गरम होता.

“लेका,” केरबा म्हणाला, “आज हात तुझाच लागला. उद्या विरजण घेऊन ये.”