वेलावरचा गोड थेंब

एका परसात वालाचा एक वेल होता. त्याच्या बुडाशी मुंग्यांचं बीळ होतं.

थंडीच्या दिवसांत वेलाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला. मोहरीहून बारीक हिरवे किडे सोंड खुपसून वेलाचा रस पीत बसले. मुंगीने मिशीने हळूच पाठ चोळली, की किडा मागून एक गोड थेंब सोडी. मुंग्या तो थेंब पोटात भरून बिळात नेत आणि पिल्लांना पाजत. दाणे शोधायला लांब जाणं आता कोणालाच नको वाटू लागलं.

एके सकाळी एक ढालकिडीण वेलावर उतरली. लाल पाठ, तिच्यावर काळे ठिपके. अंड्यांनी तिचं पोट जड झालं होतं.

"मला एका पानामागे अंडी घालू द्या," ती म्हणाली. "माझी पिल्लं थोडा मावा खातील. थोडा तुम्हाला राहील. वेलही जगेल."

"आमच्या माव्याला तोंड लावायचं नाही," मुकादम मुंगी म्हणाली.

एक म्हातारी मुंगी पुढे आली. "घालू दे तिला. शेंडे वाकडे झालेत, बघ. वेलाच्या अंगात रस उरला नाही."

"आज पिल्लांची पोटं भरलीत ना? मग गप्प बस."

ढालकिडिणीने घाईघाईने चार अंडी घातली, तोवर मुंग्यांनी तिला चावून हाकललं. अंडी त्यांनी पानावरून खाली लोटली.

मावा वाढत गेला. पानं आकसली, चिकट होऊन काळी पडली. फुलं गळली, एकही शेंग धरली नाही. रस आटला तेव्हा माव्याच्या नव्या पिढीला पंख फुटले.

"कुठे निघालात?" मुकादम मुंगीने विचारलं. "आम्ही तुम्हाला एवढं जपलं."

"जपलंत खरं. पण इथं आता प्यायला काय आहे?" एवढं बोलून एक किडा उडाला. मागोमाग सगळे उडाले.

मुंग्या दाण्यांच्या शोधात निघाल्या. वेलाखाली एकही दाणा पडला नव्हता, आणि लांबच्या वाटांवर खुणेसाठी सोडलेला त्यांचा वास केव्हाच पुसून गेला होता. काही जणी परतल्याच नाहीत.

बिळात पिल्लं एकेक करून थंड पडली. मुकादम मुंगी त्यांना तोंडात धरून बाहेर आणून ठेवू लागली. म्हातारी मुंगी तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"बोल ना," मुकादम मुंगी म्हणाली. "मी सांगितलं होतं, असं म्हण."

 म्हातारी बिळात गेली आणि पुढचं पिल्लू उचलून घेऊन आली.

तात्पर्य: रोज मिळणारा गोड घास कोणाच्या जिवावर येतो, हे तो जीव असतानाच पाहावं.