राणीचं तिसरं कंकण

एका राज्यात मेघवती नावाची राणी होती, आणि तिच्या वाणीला शाप होता. ‘पाणी’ म्हणू जावं तर ‘दार’ निघे, ‘नाही’ म्हणू जावं तर ‘हो’. मन मात्र लख्ख होतं. शाप दिला होता तिच्याच मायावी प्रधानाने. “भरला दरबार हिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकेल, तेव्हाच शाप सुटेल,” असं तो हसत म्हणाला होता. दरबारांना एवढी सवड कधी असते?

मग प्रधानाने राजमुकुट चोरला. एकट्या राणीने ते पाहिलं. दरबारात त्याने विचारलं, “चोर माहूत सोमाजीच ना, राणीसाहेब?”

“हो,” राणीच्या तोंडून निघालं, आणि तिचे डोळे भरून आले. त्या राज्यात न्याय बोलूनच होई, खुणा चालत नसत. सूर्यास्ताला सोमाजीला सुळावर द्यायचं ठरलं.

राणीची धाकटी बहीण केतकी मंत्रविद्या जाणत होती. तिने घाईघाईने सोन्याचं बोलकं कंकण घडवलं. मनगटावर चढताच ते म्हणालं, “प्रजेचं कल्याण असो!” वा! आणि सोमाजीच्या जिवाचं काय? राणीने काय बोलावं, ते केतकीनेच त्यात भरलं होतं.

दुसरं कंकण चांदीचं. ते मनात येईल ते सगळंच बडबडे. भीती, संताप, एकांतातली लाज, सारं दासींसमोर चव्हाट्यावर आलं. राणीने ते ओढून काढून भिरकावलं. सूर्य बुरुजाला टेकला होता.

पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली, “केतकी, कासारीणसुद्धा बांगडी भरताना विचारते, दुखतंय का म्हणून. तू काही विचारलंस?”

केतकी ओशाळली. राणीच्या पायाशी बसून म्हणाली, “ताई, तुला कसं हवं?”

राणीने कोळसा घेतला आणि फरशीवर चित्रं काढली: हत्तीचा अंकुश, मुकुट, प्रधानाची पगडी, बंद मूठ. केतकीने ती तांब्याच्या कड्यावर जशीच्या तशी कोरली. ज्या चित्रावर राणी बोट ठेवील, तेवढंच कडं बोलणार होतं.

दरबारात राणीचं बोट कड्यावर आलं. “माहूत,” कडं बोललं.

“ऐकलंत?” प्रधान गरजला. “न्या त्याला!”

शिपायांनी सोमाजीला ओढलं. केतकी आडवी झाली. “थांबा! ताईचं बोलणं संपलेलं नाही.”

दरबार थांबला. बोट अडखळलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. ऊन पायरीवरून उतरत होतं. अखेर बोट बंद मुठीवर टेकलं.

“नाही,” कडं म्हणालं. मग म्हणालं, “मुकुट.” मग, पुष्कळ वेळाने, “प्रधान.”

आणि शाप तुटला. पगडीखालून मुकुट घरंगळला, प्रधानाला बेड्या पडल्या. राणी स्वतःच्या आवाजात म्हणाली, “सोमाजी, घरी जा. हत्ती वाट बघतोय.”

कडं तिने उतरवलं नाही. पुढे राज्यात ज्याची ज्याची वाणी अडे, तो केतकीच्या दारी येई. ती हात हाती घेऊन आधी विचारी, “तुला कसं हवं?” आणि उत्तर येईतो गप्प बसे.