बिनतेलाचं क्रीम

मुरुमांवरचे फुकटचे सल्ले ऐकून अबोली कावली होती. साखरपुडा तोंडावर आलेला, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, "मॉइश्चरायझर लावा, पण बिनतेलाचं."

दुकानातले सौंदर्यतज्ज्ञ गुंजाळ मात्र आपलंच घोडं दामटत होते. "डॉक्टरांना काय कळतंय? हे क्रीम घ्या. तेलाचा थेंब नाही!"

अबोलीनं क्रीमचं बोट कागदाला पुसलं. कागद भज्यांच्या पुडीसारखा तेलकट झाला.

गुंजाळ चपापले, पण हटले नाहीत. "अहो मॅडम, यात कडुलिंब, तुळस, पुदिना... नुसती पानं आहेत, पानं!"

"मग दारावर तशी पाटीच लावा की," अबोली कडाडली. "'येथे गिऱ्हाइकांच्या तोंडाला पाने पुसली जातात!'"